मिशीवर खुललेला शालू

साकोलीत हायवेला तीन मजली एसी कपड्यांचं दुकान झालं, तेव्हा मीही मिरवायला म्हणून शर्ट घ्यायला गेलो. तिथं लग्नाचा बस्ता घ्यायला एक आजी आली होती. साड्या हँगरला टांगलेल्या बघून ती भडकली.

"गादी कुठं हाय? बस्ता का उभ्यानं घेतेत?"

तिनं चकचकीत फरशीवरच बैठक मारली. मग सोबतच्या बायाही बसल्या.

नवरी म्हणजे तिची नात. ती नोकरीला नागपुरात, सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून शालू आजीनंच निवडायचा होता. विक्रेत्या मुलीनं गोऱ्यापान पुतळ्यावर पोपटी शालू टाकला. "बघा आजी, किती खुलला!"

"या बाहुलीवर पोतंही खुलन," आजी म्हणाली. "आमची पोरगी सावळी हाय. मले तिचा रंग पायजे."

तिची नजर दुकानभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"भाऊ, इकडं ये. वाक जरा."

मी वाकलो. आजीनं शालूचा पदर माझ्या खांद्यावर टाकला आणि हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बाया हसू लागल्या. आरशात पाहिलं, तर मिशीसकट मी बरा दिसत होतो.

"हाच बांध," आजी विक्रेतीला म्हणाली. "या मिशीवाल्याले एवढा शोभून राहिला, तं पोरीले काहून नाही शोभणार?"

माझ्या सावळ्या रंगाला भिऊन मी जन्मभर राखाडीच घालत आलो. त्या दिवशी पोपटी शर्ट घेतला. घरी बायको पोट धरून हसली. पण आजी माझ्या बाजूनं होती.