दादानं तोफ थांबवली ती दुपार

शेलूबाजारहून आलेल्या जीपच्या ड्रायव्हरनं शाळेच्या फाटकाशीच निरोप सांगितला. माझा थोरला भाऊ, नामदेवदादा, किन्हीराजा गावच्या शेतात डवरता डवरता, पिकातलं तण काढता काढता, खाली बसला आणि गेला. महिना उलटला. आसेगावच्या वर्गात मुलांना शिकवताना मध्येच थांबते मी… पण मन रिकामं नाही, भरलेलं आहे.

दादा फौजेत हवालदार होता. एकाहत्तरच्या लढाईत एका विमानतळाच्या राखणीला त्याची विमानविरोधी तोफ होती. त्या तोफेला रडार जोडलेलं होतं, आणि गणित करणारं एक यंत्र. विमान कुठं पोचेल ते यंत्रच ठरवायचं आणि तोफेचं तोंडही आपोआप तिकडं वळायचं. माणसानं फक्त पायाखालचं पेडल दाबायचं, तेही दादाच्या हुकुमावर.

एका दुपारी सरहद्दीकडून एक विमान खाली खाली येऊ लागलं. वायरलेसवर कितीदा विचारलं, उत्तर नाही. तोफ वळून तयार झाली. जवानाचा पाय पेडलवर, डोळे दादाकडे. दादानं दुर्बीण लावली, तर विमानाची चाकं खाली सोडलेली दिसली. मारायला येणारा चाकं कशाला सोडेल? दादानं थांबा म्हणून हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. विमान धूर सोडत धावपट्टीवर उतरलं. आपलंच होतं, गोळी लागून त्याचा वायरलेस जळाला होता. संध्याकाळी तो वैमानिक तोफेपाशी आला. दादाचा हात धरून नुसता उभा राहिला.

मोठ्या साहेबांनी मात्र दादाला बोलावून घेतलं. दुश्मन असता तर, असं विचारलं. तर दोष माझा असता, असं दादानं सांगितलं. साहेब म्हणाले, पुढं अशी यंत्रं येतील की ती स्वतःच ठरवतील आणि स्वतःच गोळा सोडतील, तुझी गरजच उरणार नाही. दादानं विचारलं, "मग साहेब, मेलेल्याच्या आईला जबाब कोण देणार?" साहेबांनी त्याला बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

हे सगळं त्यानं मला सुट्टीवर आल्यावर सांगितलं. यंत्रावर त्याचा राग नव्हता. "ते खोटं नाई बोललं," तो म्हणाला. "इमान येऊन राह्यलं, येवढंच त्यानं सांगतलं. कोनाचं, हे आमाले पाह्यचं होतं."

त्याच सुट्टीत माझं लग्न ठरत आलं होतं. मी मॅट्रिक झाले होते, मुलगा चांगला होता, आमच्या बौद्धवाड्यात सगळे खूश होते. दादानं बाबांचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिले इचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मले शिकाचं हाये, असं मी कसंबसं म्हणाले… आणि ते ऐकलं गेलं. आज मी मास्तरीण आहे ती त्या एका प्रश्नामुळं.

परवा किन्हीराजाला गेले. दादाचं कुत्रं भुंकत अंगावर आलं. वहिनी दारात आली. ऊन डोळ्यावर होतं, तिला मी ओळखू येईना. आधी तिनं कुत्र्याची साखळी धरली, दादा धरायचा तशीच, घट्ट. मग विचारलं, "कोन हाये?"

"मी हावो, वहिनी."

"ये बाई," ती म्हणाली.