बाबांचा रक्तगट

मी मुळात भित्री. पाल दिसली तरी पलंगावर चढून बसणारी. अशी मुलगी बायोमेडिकल सायन्सला गेली म्हणून बहरीनला नईम भागातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगने हसून घेतलं. पण पुढे मेडिकलला जायचं तर आधी ही पदवी, असं घरी ठणकावून सांगितलं होतं मीच. त्यामुळे पहिल्या वर्षी रक्ताच्या नळ्या बघून पळून जावंसं वाटलं तरी तोंडातून ब्र काढला नाही. हळूहळू रक्ताची सवय झाली. एका कोऱ्या तक्त्याला आपण इतकं घाबरू, असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी जेनेटिक्सच्या बाईंनी घरच्यांचे रक्तगट लिहून आणायला सांगितले. आईचा ओ, माझाही ओ. दोन्ही माझ्या जन्माच्या वेळच्या कागदांवर होते. बाबांचा शोधायची गरजच नव्हती. बाबा सित्र्याच्या रिफायनरीत पाइप फिटर म्हणून लागले आणि पुढे फोरमन झाले. त्यांच्या हेल्मेटवर नावाखाली ठळक अक्षरांत ‘एबी पॉझिटिव्ह’ असा स्टिकर होता. लहानपणी मी इंग्रजी अक्षरं त्या स्टिकरवरच बोट फिरवून शिकले होते.

तक्ता भरला आणि माझा हात थांबला. एबी गटाचा बाप मुलाला ए तरी देतो नाही तर बी तरी. त्याच्या पोटी ओ गटाचं मूल येत नाही. पुस्तकात हे एवढ्या सरळ वाक्यात होतं की वाद घालायलाही जागा नव्हती. खाली बारीक अक्षरांत ‘अगदी क्वचित अपवाद’ असं लिहिलं होतं. त्या बारीक अक्षरांना मी दोन दिवस लोंबकळत राहिले.

मग भीती घरभर पसरली. सगळे म्हणायचे, पोरगी अगदी आईवर गेलीय. आजवर ऐकून सुखावायचे, आता तेच वाक्य अंगावर यायला लागलं. बाबांचं काही तरी माझ्यात असेल म्हणून मी आरशासमोर उभी राहून नाक, कान, बोटं तपासली. काही सापडलं नाही. बाबा ड्यूटीवरून आले की मी अभ्यासाचं निमित्त करून खोलीत जायचे. आईकडे तर मान वर करून बघवेना. ती भाकरी वाढायची आणि माझ्या मनात एकच प्रश्न असायचा, हिने काय केलं असेल? असं मनात आलं की स्वतःचीच किळस वाटायची. तरी ते पुन्हा यायचंच.

तक्त्यात बाबांचा रकाना मी रिकामा सोडला. बाईंना सांगितलं, त्यांना ठाऊक नाही. बाई बहरिनी, हसऱ्या. म्हणाल्या, मग शनिवारी कॉलेजच्या ओपन डेला घेऊन ये, तूच तपास. मी ‘इंशाल्ला’ म्हणाले. नाही म्हणायची हिंमत नसली की आम्ही इथे सगळेच इंशाल्ला म्हणतो.

बाबांची त्या शनिवारी ड्यूटी असेल, अशी माझी आशा होती. त्यांनी हौसेने रजा काढली. नवा शर्ट, केसांना तेल. आईने पण ठेवणीतली साडी काढली. लॅबमध्ये प्रत्येक टेबलाशी विद्यार्थी आपापल्या आईबापांची बोटं टोचत होते, फोटो काढत होते. माझ्या टेबलावर पांढरी टाइल, निळी बाटली, पिवळी बाटली. ए असेल तर निळ्या थेंबात रक्ताच्या गुठळ्या होतात, बी असेल तर पिवळ्यात, एबी असेल तर दोन्हींत. ओ असेल तर कशातच नाही.

“बाबा, हात द्या.”

बाबांनी हात टेबलाखाली नेला. “कशाला गो? एबी आहे. ठाऊक आहे ना तुला.”

“एकदा बघू या.”

“नको म्हटलं ना!” ते इतक्या जोरात बोलले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. यांना सगळं माहीत आहे. फक्त मलाच माहीत नव्हतं.

बाबा मला खिडकीपाशी घेऊन गेले.

“तो एबी माझा नाय,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “इथे यायच्या आधी मुंबईला मेडिकल तपासणीच्या वेळी सुई बघून मला चक्कर आलेली. कसाबसा पास झालो. इथे आलो तर कंपनीची नर्स कामगारांच्या कॅम्पवर रक्तगट तपासायला आली. वाटलं, परत पडलो तर कमजोर म्हणून माघारी पाठवतील. माझा रूममेट दोनदा लायनीत उभा राहिला. एकदा त्याच्या नावाने, एकदा माझ्या.”

मला हसू यायला हवं होतं. पण एवढी वर्षं हा माणूस रिफायनरीत दुसऱ्याचं रक्त डोक्यावर मिरवत फिरला, हे कळून अंगावर काटा आला. हॉस्पिटलवाले रक्त देण्याआधी पुन्हा तपासतात, हे माहीत असूनही आला. आणि त्याहून मोठी भीती लगेच मागून आली. एबी रूममेटचा, मग बाबांचा कुठला? तोही एबीच निघाला तर?

“कंपनीला कळलं तर नोकरी जाईल काय गो?” बाबा विचारत होते.

“नाही जाणार. चला.”

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तोंड आईकडे वळवलं. आईने त्यांचा खांदा धरला. माझी पहिली टोच वाया गेली. दुसऱ्या वेळी रक्त आलं. निळ्यात कालवलं, पिवळ्यात कालवलं, टाइल हलवत राहिले. निळा थेंब नितळ राहिला. पिवळ्यात दूध नासावं तसे कण झाले.

बी. बी बाप, ओ आई, ओ मुलगी. होऊ शकतं. अगदी सहज होऊ शकतं. मी तिथेच रडायला लागले. बाबांना वाटलं, पोर आपल्या नोकरीच्या काळजीने रडतेय. “खलास, उद्याच स्टिकर बदलतो,” असं म्हणून माझ्या पाठीवर थोपटत राहिले. मग बोटाला कापूस धरून, मोठी लढाई जिंकल्यासारखे गाडी आणायला गेले.

मी टाइल धुवायला घेतली. आई माझ्या बाजूला उभी होती.

“बारावीला मला पण बायॉलॉजी होतं,” ती म्हणाली. “पंधरा दिवस तू माझ्याकडे बघत नव्हतीस. एकदा विचारायचंस तरी गो.”

नळ चालू होता. मी तो बंद केला नाही, आणि तिच्याकडे बघितलंही नाही. खालून बाबांनी हॉर्न दिला, तशी ती पदर सावरून पुढे गेली. त्यानंतर तिने हा विषय कधीच काढला नाही. आता मी अनोळखी माणसांचं रक्त न डगमगता काढते, पण आईची माफी मागायची मला अजून भीती वाटते.