रानाने नाकारलेला

९ जून २००८ रोजी अकिनलाबीने वर्तमानपत्राच्या कचेरीत चार हजार पाचशे नायरा भरले आणि बापाचं नाव आपल्या नावापुढून काढून टाकलं. जाहिरात बुधवारी आली. पूर्वी अकिनलाबी इग्बेकोयी या नावाने ओळखला जाणारा मी यापुढे अकिनलाबी ओलुवागबेमी या नावाने ओळखला जाईन, जुनी सर्व कागदपत्रे ग्राह्य राहतील, जनतेने नोंद घ्यावी.

जनतेतून नोंद घेतली ती सालामीने. ओग्बोमोशोच्या जुन्या वस्तीत म्हाताऱ्या इग्बेकोयीच्या ओट्यासमोर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. म्हाताऱ्याला वाचता येत नसे, म्हणून सालामी कागद घेऊन रस्ता ओलांडून आला.

“म्हाताऱ्या, तू गेलास बरं का. पान अकरा, खालचा कोपरा.”

“फोटो छापलाय?”

“नाही.”

“मग नाही गेलो. बाप मेला की पोरं फोटो छापतात. चांगला मोठा.”

सालामीने जाहिरात वाचून दाखवली. म्हाताऱ्याचे हात तासणीवर थांबले. तो उखळं-मुसळं कोरायचा. अर्ध्या गावाच्या घरात सुरण कुटला जायचा तो त्याच्या उखळात.

“ओलुवागबेमी म्हणजे देवाने मला उचललं,” तो म्हणाला. “याला देवाने कधी उचललं? गोवर आला तेव्हा दवाखान्यापर्यंत खांद्यावरून मी नेला. देव तेव्हा कुठं सायकल दुरुस्तीला थांबला होता का रे तुझ्याकडे?”

“आला असता तर पैसे बुडवून गेला असता,” सालामी म्हणाला.

इग्बेकोयी म्हणजे रानाने याला नाकारलं. हे नाव हौसेने कुणी ठेवत नसे. एकाच बाईच्या पोटी पुन्हा पुन्हा येऊन मरणारं पोर असलं, त्याचे पलीकडचे सोबती त्याला परत हाका मारतात असं ठरलं, की त्याला असलं काहीतरी नाव द्यायचं. म्हणजे सोबत्यांना किळस यावी आणि पोराला लाज. म्हाताऱ्याच्या आईची सहा मुलं गेली होती. तसल्या पोरांना पुरत नसत, रानात टाकत. सहावं टाकायला नेताना आजोबांनी त्याच्या डाव्या करंगळीचं टोक कोयत्याने उडवलं, परत आलंच तर ओळखू यावं म्हणून. सातवा हा. जन्मला तेव्हाच करंगळी आखूड होती, असं आई शपथेवर सांगायची. शेजारणी म्हणायच्या, जन्मल्यावर कापली. त्याने दोन्ही ऐकलं आणि कुणालाच कधी काही विचारलं नाही.

त्याच्या लहानपणी वस्तीत या नावाची तीन माणसं होती. ‘पुन्हा जाऊ नको’, ‘मरणाला हा नको झाला’, ‘कचऱ्याचा ढीग’ अशा नावांची तर पंधरा-वीस. तेव्हा हसण्यासारखं काही वाटत नसे. पुढे लसी आल्या, दवाखाने आले, आणि ही नावं गावातून अशी गेली की जणू कधी नव्हतीच. आता पोरांच्या नावांत नुसता देव. सरकारी दवाखान्यात नर्स त्याचं नाव पुकारायची तेव्हा रांगेतल्या पोरी ओढणीआड हसत. एकदा एकजण म्हणाली, “रानाने नाकारलं, आता दवाखाना तरी कशाला घेतोय?” म्हाताऱ्याने वळून सांगितलं, “तुझ्या आजीने मागितलं होतं मला. मीच नाही म्हटलं.” रांग खदखदून हसली. तो मात्र औषध न घेताच घरी आला.

अकिनलाबी बँकेत लागला आणि पास्टरच्या नादी लागला. पास्टरने सांगितलं, नावात मरण आहे, ते घरात येईल. त्यातून ती जाहिरात. साखरपुड्याला बायकोकडच्या मंडळींसमोर बापाला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि ‘गावाकडचे काका’ म्हणून ओळख करून दिली. म्हाताऱ्याने भात खाल्ला, मांसाचे दोन तुकडे खिशातल्या कागदात बांधले आणि कुणालाही न सांगता निघून आला.

सुनेचं नाव आरिन्पे. तिची पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन गेली. दुसरा मुलगा तेवढाही टिकला नाही. डॉक्टर म्हणाले, नवराबायको दोघांच्या रक्तात थोडा थोडा दोष आहे, मुलात दोन्हीकडून उतरला तर मूल राहत नाही. पास्टर म्हणाला, उपास करा. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका काही म्हणाल्या नाहीत, फक्त इग्बेकोयीच्या ओट्याकडे बघायला लागल्या.

म्हातारा दोन्ही वेळा गेला नाही. सालामीने विचारलं तेव्हा म्हणाला, “ओलुवागबेमीच्या घरातलं मयत. माझा काय संबंध?”

तिसऱ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा आरिन्पे एकटी आली. पोट एवढं मोठं, तरी रीतीप्रमाणे दोन्ही गुडघे टेकले. म्हाताऱ्याने ऊठ म्हटलं नाही.

“बाबा, याला तुमचं नाव द्या. आठव्या दिवशी या, नाव देणाऱ्याने टाकायचे ते पैसे वाडग्यात टाका आणि नाव घ्या. तुम्हीच घ्यायला हवं. तुम्ही ते वागवून म्हातारे झालात.”

“नवऱ्याला विचारलंस?”

“नाही.”

“त्याने मागावं. जसं टाकलं तसं मागावं. पेपरात. त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात. जनता नोंद घेईल.”

“ते नाही मागणार, तुम्हाला माहीत आहे.”

“मग तुमच्या देवाला सांगा उचलायला.”

“बाबा, दोन गेली माझी.”

“माझ्या आईची सहा गेली. ती कुणाच्या ओट्यावर आली नव्हती.” त्याने लाकडावरची धूळ फुंकली. “रान अजून आहे जागेवर. रस्ता तुला माहीत नसला तर सालामी दाखवेल.”

ती उठायला लागली. उखळाचा काठ धरून उठली. ती गेल्यावर सालामी बराच वेळ चाकात तारा भरत राहिला.

“तोंड आहे का गटार तुझं?”

“तू पंक्चर बघ.”

मुलगा झाला. आठव्या दिवशी नाव ठेवायला गाव लोटला. मध, मीठ, कोलाचं फळ, सगळं साग्रसंगीत. पास्टरने इमॅन्युएल नाव दिलं. म्हातारा गेला नाही. त्या दिवसापासून तो वाट बघू लागला.

कशाची, ते त्याने स्वतःशीही कधी शब्दांत म्हटलं नाही. पण सकाळी उठला की रस्त्याच्या टोकाकडे बघायचा, कुणी डोकं झाकून, मयताचा निरोप घेऊन येतंय का. निरोप आला तर काय करायचं हे त्याचं ठरलेलं होतं. या वेळी जायचं. पुढच्या रांगेत बसायचं. काही बोलायचं नाही. अकिनलाबी आपणहून पायांशी पालथा पडेल, आणि सगळ्या वस्तीला कळेल की त्या नावाशिवाय त्या घरात पोर जगत नाही. एवढंच त्याला हवं होतं. त्याच्याजवळ शेत नव्हतं, घर भावाचं होतं. होतं ते नाव, आणि त्याची किंमत ठरायची होती.

उत्तरेकडची धुळीची थंड हवा आली. गावातली लहान पोरं खोकली, दोन दगावली. दोन्ही वेळा म्हाताऱ्याने सालामीला विचारायला धाडलं, कुणाचं म्हणून. दुसऱ्यांदा सालामी परत आला आणि समोर उभा राहिला.

“शिंप्याचं पोर होतं. तुझं नाही. वाईट वाटलं?”

“कशाचं?”

“तुझं नाही याचं.”

म्हाताऱ्याने तासणी उचलली आणि खाली ठेवली. सालामी त्यानंतर चार दिवस ओट्यावर फिरकला नाही.

पाऊस येऊन गेला. नवा सुरण बाजारात आला. निरोप मात्र आला नाही. शेवटी म्हातारा स्वतःच उठला, धुतलेला अंगरखा घातला आणि भर दुपारी, मुलगा बँकेत असेल ते बघून, गावाच्या नव्या भागात गेला.

फाटक उघडं होतं. आरिन्पे अंगणात मिरच्या निवडत होती. एक पोर पाण्याच्या पिंपाला धरून उभं होतं. त्याने हात सोडला आणि तीन पावलं टाकली.

“कोयी, चिखलात नको,” आरिन्पे म्हणाली. पोराने तिच्याकडे वळून पाहिलं.

म्हातारा फाटकातच थांबला. साठ वर्षांपूर्वी याच हाकेने त्याची आई त्याला जेवायला बोलवायची.

आरिन्पेने त्याला पाहिलं. मिरच्या बाजूला ठेवल्या, जवळ आली आणि दोन्ही गुडघे टेकले.

“बरे आहात ना, बाबा?”

“काय हाक मारलीस त्याला?”

“तुमचा मुलगा घरात नसला की कोयी. असला की इमॅन्युएल.”

“मी दिलं नव्हतं.”

“नाही दिलंत. वाडग्यात पाचशे नायरा मी टाकले, तुमच्या नावाने. सगळ्यांसमोर सांगितलं, हे आजोबांकडून. लोकांनी विचारलं नाव काय, तर म्हटलं, आजोबा येऊन सांगतील. रात्री पोराच्या कानात मीच सांगितलं.”

“कुणाला विचारून?”

“त्यांनी टाकलं. तुम्ही दिलं नाही. मग ते होतं कुणाचं? पडलं होतं, मी उचललं.”

म्हाताऱ्याचं लक्ष पोराच्या हाताकडे गेलं. दहा बोटं, सगळी पुरी. तो वाकून हात पुढे करणार, तोच आरिन्पेने मागे सरकून पोराला कडेवर घेतलं. मग त्याच्यासकट परत गुडघे टेकले.

“डॉक्टर म्हणतात याचं रक्त चांगलं आहे. असेल. मला भरवसा नाही कुणाचा. म्हणून सांगते, बाबा, परत येऊ नका.”

“का?”

“पलीकडचे सोबती फाटकापाशी आले आणि नाव घेऊन हाक मारली, तर कुणीतरी उठणार. या घरात ते नाव दोघांचं नको. माझं पोर उठायला नको.”

“म्हणजे मी उठू?”

“तुमचं वय झालंय,” ती म्हणाली. आवाजात आदब होती. तिने मान खाली घातली आणि तो जाईपर्यंत वर केली नाही.

संध्याकाळी सालामी दुकान आवरत होता.

“जिवंत आहे?”

“आहे.”

“नाव काय ठेवलंय म्हणे घरात?”

“मला काय ठाऊक,” म्हातारा म्हणाला, आणि अर्धवट उखळ पुढ्यात ओढलं.

त्यानंतर तो नव्या भागात गेला नाही. त्याच्या नावाने वाडग्यात टाकलेले ते पाचशे नायरा त्याने आरिन्पेला अजून फेडलेले नाहीत.