कुसळ नसलेलं गवत

वनस्पतीशास्त्र विभागात झाडपाला ओळखता येणारी माणसं किती असावीत? पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातल्या त्या मध्यम आकाराच्या विद्यापीठात अकरा प्राध्यापक होते आणि बाहेर नेऊन उभं केलं तर समोरच्या रोपाचं नाव सांगू शकेल अशी एकच होती. बाकीचे काही बिनकामाचे नव्हते, चांगले हुशार होते. पण विभागाच्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या फोटोखाली संशोधनाचा विषय लिहिलेला असे, त्यात सात जणांचा विषय थोड्याफार फरकाने एकच होता : मोहरीच्या कुळातलं एक टीचभर तण आणि त्याची जनुकं. ते तण रस्त्याकडेला उगवलेलं दिसलं असतं, तर सातांतले सहा त्याला ओलांडून पुढे गेले असते.

आसावरी खटावकरच्या फोटोखाली एकच शब्द होता : गवतं.

मराठी मंडळाच्या गणपतीत हे सांगितलं की लोक हसायचे. "म्हणजे लॉन का हो? आमच्याकडे फार तण माजलंय, एकदा येऊन बघा ना." तीही हसायची, आणि एक-दोनदा खरंच जाऊन बघून आली होती. बाई तशी सरळ होती. मूळची बार्शीची. वडील सूतगिरणीत कारकून. कॉलेजात दिगंबर मोहोळकर नावाचे सर भेटले, ते रविवारी पोरांना माळरानावर घेऊन जायचे आणि गवताचं एकेक पातं हातात धरून त्याच्यावर अर्धा तास बोलायचे. बाकीची पोरं कंटाळून बोरं खायला पळायची, ही मात्र उभी राहिली. तिथून पुणे, पुण्याहून कॅन्सस, आणि डॉक्टरेटनंतरची उसनवारीची तीन-चार वर्षं काढून २००१च्या ऑगस्टमध्ये इथे नेमणूक.

नेमणूक म्हणजे पक्की नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठात सहा वर्षं राबवून घेतात, मग सगळ्या विभागाचं मत घेतात : हिला जन्मभर ठेवायचं की वर्षभरात वाटेला लावायचं. याला टेन्युअर म्हणतात. मधलं काही नसतं. नवरा यतीन पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्याची नोकरी २००२मध्ये गेली आणि दुसरी मिळाली ती नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला. मुलगी रुही आईजवळ. महिन्यातून एकदा यतीन गाडी हाणत यायचा, दोन दिवस राहायचा आणि जाताना दारात उभं राहून तेच बोलायचा.

"तुझं एकदा पक्कं होऊ दे. मग मी इकडे काहीतरी बघतो. नाही झालं तर तू तिकडे ये. पण एकदा काय ते होऊ दे, यार."

पक्कं होण्यासारखं तिच्याकडे एक मोठं काम होतं. २००३मध्ये तिने एक नवं गवत शोधलं होतं. गावापासून तासाभरावर एक उघडीबोडकी, फुटक्या पाट्यांसारख्या दगडांची टेकडी आहे. तिथे एक साधं, सगळीकडे आढळणारं गवत उगवतं, लांब कुसळाचं. त्याच्याच मधे-मधे तिला दुसऱ्या प्रकारचे ठोंब दिसले. बुटके. कणीस ठुसठुशीत. आणि कुसळ अजिबात नाही. तिने फुलोऱ्यातले नमुने गोळा केले, वाळवले, फुलं उकडून मऊ करून भिंगाखाली फोडली, मोजमापं घेतली. शेजारच्या खोलीतल्या ग्रेगरी हॅन्सनने डीएनए तपासून दिला. तो म्हणाला, साध्या गवतात आणि यात फरक जवळजवळ नाहीच. मग त्यानेच त्यावर तोडगा काढला : "अगदी अलीकडे वेगळी झालेली जात." आणि निबंधावर आपलं नाव घातलं. आसावरीने गवताच्या लॅटिन नावात आपल्या सरांचं नाव गुंफलं. दिगंबरी.

बार्शीत सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. अमेरिकेत आपल्या नावाचं गवत आहे हे सरांनी दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं.

त्या निबंधात एक वाक्य होतं : "पक्व दाणा पाहिलेला नाही." यात लपवाछपवी काही नव्हती. गवतांची माणसं जे मिळालं नाही ते मिळालं नाही असं लिहून मोकळी होतात, तशी रीतच आहे. शरद ऋतूत वर्ग असतात, मूल असतं, टेकडीवर जायला कुणाला वेळ आहे? कणीस फुलात असताना ती दर जूनमध्ये जायची आणि दाणा राहून जायचा.

२००६च्या ऑक्टोबरमध्ये, टेन्युअरसाठी कागद तयार करताना, तिला त्या दाण्याचं चित्र हवंसं वाटलं. एवढं एक राहिलंय, ते पुरं करावं. म्हणून गेली.

ठोंब पिकून वाळले होते. तिने एक कणीस खुडलं, त्यातला दाणा नखाने दाबला. तो फुटला आणि बोटांवर काळी पूड पसरली. वास आला. बार्शीच्या शाकाहारी घरात वाढलेल्या बाईला तो वास पहिल्यांदा बाजारात, सुक्या मासळीवाल्यांच्या रांगेशी भेटला होता. नाकाला पदर लावून पळाली होती. तो वास या उजाड टेकडीवर कुठून यावा?

काणी. जोंधळ्यावर पडते ती काणी. दाण्याच्या जागी बुरशीची काळी भुकटी. सोलापूरकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला रोग. या गवतावरची काणी जरा निराळ्या जातीची, सुक्या मासळीसारखा वास मारणारी, एवढंच. ती मुळापासून बहुधा अख्ख्या ठोंबात भिनते, त्याला खुजं करते, कणीस फुगवते आणि कुसळ फुटूच देत नाही.

आसावरी दगडावर बसली. मग उठून वेड्यासारखी दुसरी कणसं फोडत सुटली. पूड, पूड, पूड. बिनकुसळाचा एक तरी निरोगी दाणा मिळाला असता तर निभावलं असतं. ही जात वेगळी आहे आणि वर तिला रोग झालाय, असं म्हणता आलं असतं. पुढचे तीन शनिवार तिने रुहीला मैत्रिणीकडे सोडून त्या टेकडीवर घालवले. शेवटच्या शनिवारी मिळालं ते भलतंच : एकाच ठोंबातून, एकाच मुळातून वर आलेल्या काड्या, अर्ध्या लांब कुसळाच्या आणि निरोगी, अर्ध्या बिनकुसळाच्या आणि काळ्या. आता स्वतःची समजूत घालायलाही जागा उरली नाही. दिगंबरी नावाची जात नव्हतीच. ते आजारी पडलेलं साधं गवत होतं.

यतीनला फोन केला, तर त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"हे कुणाला माहितीये?"

"मला."

"बस. मग मार्चमध्ये व्होट होऊ दे. एप्रिलमध्ये तू करेक्शन छापून टाक. सिंपल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत गप्प बस. लोक आयुष्यभर बसतात, आसावरी. तुला फक्त पाच महिने बसायचंय."

"माझ्या कागदांत पहिलं काम तेच आहे, यतीन. बाहेरच्या लोकांनी शिफारशी लिहिल्यात त्या त्याच्यावर."

"म्हणूनच सांगतोय ना! रुहीने किती वर्षं बापाला वीकएंडला बघायचं?"

तो काही वाईट माणूस नव्हता. आणि तीही काही सती-सावित्री नव्हती, गप्प बसली. चांगली महिनाभर गप्प बसली. विभागात जात होती, कॉफी पीत होती, ग्रेगरीने "ऑल सेट?" विचारलं की मान हलवत होती. रात्री झोप नाही. रुहीवर विनाकारण ओरडली, तेव्हा पोरगी म्हणाली, "व्हॉट डिड आय डू?" काहीच नव्हतं केलं तिने.

डिसेंबरात वनस्पती-ओळखीच्या वर्गाची परीक्षा आली. टेबलांवर वाळलेले नमुने मांडायचे आणि मुलांनी फिरत फिरत नावं लिहायची. दरवर्षी एक नमुना दिगंबरीचा असायचाच. बाईंचं स्वतःचं गवत म्हणून पोरं कौतुकाने पाठ करून यायची. प्रश्न सप्टेंबरातच छापून गेले होते, तेव्हा तो नमुना याही वर्षी मांडला गेला. एकूण एक पोरांनी बरोबर लिहिलं. दिगंबरी, दिगंबरी, दिगंबरी. तिनेच तर शिकवलं होतं!

ती पेपर तपासायला बसली आणि त्या उत्तरापाशी लाल पेन अडलं. बरोबरची खूण करावी, तर समजून-उमजून खोट्याला खरं म्हटल्यासारखं. चुकीची करावी, तर पोरांचा काय गुन्हा? निबंधाचं ठीक आहे, निबंध कपाटात पडून राहतो, पाच महिने धीर धरतो. हे पेपर सोमवारी परत द्यायचे होते. तिने सगळ्यांना त्या प्रश्नाचे गुण देऊन टाकले, खूण मात्र कुणालाच केली नाही. आणि सोमवारी सकाळी विभागप्रमुख मार्गारेट कोल हिच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

मार्गारेट साठीची, शेवाळांवर काम केलेली, आता नुसत्या मीटिंगा करणारी. तिने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"तू हे मला सांगितलंच नाहीस असं मी धरून चालू का?"

"नको."

"विचार कर. आत्ता सांगितलंस तर ते फाइलमध्ये जाईल. मला घालावंच लागेल."

"घाला."

"आसावरी, चूक कुणाकडूनही होते. चूक महत्त्वाची नाही, वेळ महत्त्वाची आहे."

"मला पेपर तपासता येईनात," आसावरी म्हणाली. मार्गारेटला काही ते कळलं नाही.

ग्रेगरीला मात्र सगळं चटकन कळलं. तो तिच्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "त्या निबंधावर माझंही नाव आहे."

"तू सांगितलं होतंस फरक नाही म्हणून. आपण तेव्हाच थांबायला हवं होतं."

"मी आकडे दिले. गवत तू ओळखणार होतीस. ते तुझं काम होतं."

बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं.

सर्वांत वाईट फोन बार्शीचा. सर ऐंशीच्या पुढचे, कानांनी थोडे अधू. "काणी" हा शब्द तिला तीनदा ओरडून सांगावा लागला.

"म्हणजे माझ्या नावाने तू रोग नोंदवलास होय गं?"

"सर, चुकलं माझं."

"माळावर तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? फूल बघ, दाणा बघ, मूळ बघ. मग तोंड उघड."

"हो, सर."

"लोकांना काय सांगू आता मी?" आणि त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. "बाबा जरा पडतात म्हणाले," सून म्हणाली. त्यानंतर आसावरीने संक्रांतीला केला, पाडव्याला केला. दर वेळी बाबा पडलेलेच होते.

दुरुस्तीचा दोन पानी निबंध फेब्रुवारीत छापायला घेतला गेला. त्यावर तिचं एकटीचं नाव; ग्रेगरीने नकोच म्हणून कळवलं. मार्चमध्ये मतदान झालं. सहा जण तिच्या विरोधात, चार बाजूने. प्रामाणिकपणाबद्दल सगळे फार चांगलं बोलले, असं मार्गारेटने सांगितलं. पण काणीचं कारण कुणी दिलं नाही. कारण दिलं ते असं की हा विषय विभागाच्या पुढच्या दिशेशी जुळत नाही. तिच्या जागेवर जनुकांचा माणूस घ्यायचं ठरत होतं. काणीचं मतदानानंतर, एप्रिलमध्ये कळलं असतं तर दिशा जुळली असती का? आसावरीने विचारलं नाही. मार्गारेटनेही आपण होऊन सांगितलं नाही.

यतीन फोनवर म्हणाला, "ठीक आहे. मी इकडे तीन बेडरूमचं बघतो." त्याच्या आवाजात सुटका होती, ती त्याला लपवता आली नाही. आसावरी म्हणाली, "बघ," आणि फोन ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून रडली, कारण भिंती पातळ होत्या आणि रुहीचा अभ्यास चालला होता.

नियमाप्रमाणे आणखी एक वर्ष मिळतं. विभागाच्या वेबसाइटवरून तिचा फोटो उन्हाळ्यातच उतरला होता, चुकून, असं ऑफिसात सांगितलं. वनस्पती-ओळखीचा वर्ग मात्र २००७च्या शरदात तिलाच घ्यावा लागला, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हता.

त्या वर्गात तिने बिनकुसळाचं गवत सगळ्यांना एकेक वाटलं आणि ओळखतक्ता उघडायला सांगितला. ओळखतक्ता म्हणजे प्रश्नांची साखळी असते : कुसळ आहे का, असेल तर इकडे वळा, नसेल तर तिकडे. पोरं वळत वळत गेली आणि सगळी एकाच नावावर येऊन थांबली. दिगंबरी.

"आता दाणा फोडा," ती म्हणाली.

खोलीभर वास सुटला. कुणी खुर्च्या मागे सरकवल्या, कुणी नाकं धरली. खिडक्या उघडायला दोघं धावले. पुढच्या बाकावरची एक मुलगी काळी झालेली बोटं वर धरून वैतागून म्हणाली, "हे तर आजारी आहे! हा तक्ता केला कुणी?"

"मी," आसावरी म्हणाली.

हशा पिकला. बाई विनोद करतायत असं त्यांना वाटलं. मग ती हसत नाही हे एकेकाच्या लक्षात येत गेलं, आणि हशा विरला. तिने पोरांना तक्त्याचं ते पान पुन्हा उघडायला लावलं, पेन्सिली काढायला लावल्या आणि आपण दिलेल्या नावाची ओळ खोडून तिथे काय लिहायचं ते सावकाश, शब्द शब्द सांगू लागली.