सोडून नाही राहिलो

पुण्यात एमबीए करायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला सांगण्यात आलं की माझी जीभ बरोबर नाही. आम्ही यवतमाळच्या पुढचे. आमच्याकडे चालू असलेल्या कुठल्याही कामाला 'राहिलो' जोडतात. मी जेवते आहे म्हणायचं, तर 'मी जेवून राहिली'. तो येतो आहे, तर 'तो येऊन राहिला'. यात काहीही चूक नाही, हे मी आज ठणकावून सांगते. तेव्हा सांगता येत नव्हतं.

वसतिगृहाच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं. एका दुपारी दुकानदार शटर ओढत होते. मी विचारलं, "काका, दुकान बंद करून राहिले का?" शटर तसंच धरून ते म्हणाले, "नाही. दुकान बंद करून घरी जातो. राहतो तिथे. आपण चारनंतर या." माझ्याबरोबरच्या दोघी मैत्रिणी पोट धरून हसल्या. मीही हसले. कान रागाने तापले होते, तरी हसले.

मग वर्गातही तेच झालं. आमचं स्पेशलायझेशन एचआर. तासाला मुलाखतीचा सराव चालला होता आणि मी मुलाखत घेणारी होते. समोरच्या उमेदवाराला मी म्हणाले, "थांबा, मी तुमचा अर्ज वाचून राहिली आहे." वर्ग हसत सुटला. सर शांतपणे म्हणाले, "संवाद हा या विषयाचा प्राण आहे. माणसं सांभाळायची असतील तर भाषा स्वच्छ हवी." स्वच्छ! मी काय तोंड न धुता आले होते?

पण ते दिवसच तसे होते. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि निम्म्या वर्गाचं मन तिकडेच असायचं. आयटीवाल्यांना 'प्रेझेंटेबल' माणसं लागतात, हे आम्हाला येता-जाता ऐकवलं जाई. मी कानाला खडा लावला. बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायचं, त्यातला 'राहिली' काढायचा आणि मग तोंड उघडायचं. वर्षभरात इतकी तयार झाले की एकदा एसटीडी बूथवरून घरी फोन केला तर आईने विचारलं, "कोन बोलून राहिलं?" मी म्हणाले, "आई, मी बोलते आहे." मग आई म्हणाली, "हाव का? मले वाटलं, राँग नंबर लागला." मी बूथमधून बाहेर पडले ती परीक्षा पास झाल्याच्या आनंदात. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

पहिलं वर्ष संपलं आणि दोन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी मला मांजरीच्या रस्त्यावरचा एक कारखाना मिळाला. पंपांचे सुटे भाग बनवायचा. परदेशी भागीदार नुकताच आला होता. त्यामुळे 'पर्सोनेल' अशी जुनी पाटी काढून तिथे 'मानव संसाधन विभाग' अशी नवी लावली होती. पाटीखालचे साहेब मात्र तेच होते. सदाशिव पेठेतले, निवृत्तीला आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मी त्यांच्या अर्ध्या वयाची असूनही मला 'आपण' म्हणणारे. त्यांच्या हाताखाली एक कारकून होते. कामगारांचे जबाब लिहून घ्यायचे ते त्यांनीच, सुंदर, टपोऱ्या अक्षरात. माझं काम सोपं होतं. कपाटातल्या जुन्या फायली वाचायच्या आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. नोकरी सोडलेल्यांसाठी एक रकाना होता, 'कारण'. त्यात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर यायचं: स्वेच्छेने. भागीदाराला माणसं कमी हवी होती आणि आपणहून जाणारा माणूस सगळ्यांनाच सोयीचा असतो.

रोज सकाळी गेटपाशी एक माणूस उभा दिसायचा. पस्तिशीचा असेल. अंगावर कारखान्याचा निळा गणवेश, धुतलेला. वॉचमन त्याला आत सोडत नसे. तो भांडायचा नाही, ओरडायचा नाही. पहिल्या पाळीचा भोंगा वाजेपर्यंत थांबायचा आणि जायचा. वॉचमन म्हणाला, "सोडून गेलता, आता परत पायजे त्याला काम."

तिसऱ्या आठवड्यात त्याची फाइल माझ्या हातात आली; आतल्या फोटोवरून ओळखलं. गावाहून आई आजारी असल्याची चिठ्ठी आली, तो बारा दिवस न कळवता गैरहजर राहिला, परत आल्यावर त्याचा जबाब घेतला. जबाबात शेवटी लिहिलं होतं: 'मी काम सोडून नाही राहिलो.' त्याखाली नेहमीची ओळ, 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे', आणि त्याची सही. त्यावर साहेबांचा शेरा: 'काम सोडले, राहिला नाही. स्वतःच कबूल करतो. स्वेच्छेने.'

मी ती ओळ मोठ्याने वाचली. ती ओळ मला ऐकू आली ती आमच्या घरच्या आवाजात. मी काम सोडून नाही राहिलो. म्हणजे, मी काम सोडत नाहीये! त्याने जे सांगितलं, कारकुनांनी तेच अक्षरशः लिहिलं. वाचून दाखवलं, ते त्याला बरोबर वाटलं, कारण ते बरोबरच होतं. कुणीही खोटं बोललं नव्हतं. आणि तरी एका माणसाची नोकरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर त्याच्याशी बोलले. आधी माझ्या नव्या मराठीत: "आपण नोकरी सोडत असल्याचं सांगितलं होतं का?" तो ताठ उभा राहून "नाही मॅडम" एवढंच म्हणाला. मग वर्षभर कोंडून ठेवलेलं तोंडातून निघालं, "मग काय सांगतलं होतं तुम्ही? खरं सांगा, काऊन उभे राहता रोज?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी आमच्याकडच्या होय?" मग भडाभडा बोलला. "मी तं सांगतलं ना त्यायले, मॅडम, मी काम सोडून नाही राहिलो. माय बिमार होती म्हणून गेलतो. त्यायनं वाचून दाखवलं, मी म्हटलं हाव, बरोबर हाय. आता म्हणतात, तूच लिहून देल्लं. दोन लेकरं शाळेत हायेत माही. मी कायले सोडीन?"

मी फाइल घेऊन साहेबांकडे गेले. सगळं समजावलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपण ट्रेनिंगला आला आहात की व्याकरण शिकवायला?"

"साहेब, त्याच्या भाषेत याचा अर्थ..."

"कारखान्याची भाषा मराठी आहे. जिल्हावार नाही. खाली सही आहे त्याची. फाइल बंद झाली." आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, तितक्याच नम्रपणे: "प्रमाणपत्रावर माझी सही लागते, हे आपल्या लक्षात असेलच."

होतं ना लक्षात. प्रमाणपत्र नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर पदवी नाही. कॉलेजातल्या सरांना सांगितलं तर म्हणाले, "विषय चांगला आहे, पण अहवालातून काढून टाका. नोकरीला लागल्यावर बदला जग." मी वसतिगृहात येऊन खूप रडले, आणि खरं सांगते, त्यातलं निम्मं रडू स्वतःसाठी होतं. दोन दिवस मी तो भाग काढूनही ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गेटवर दिसला, धुतलेल्या गणवेशात. आता मला बघून त्याने मान हलवली. ओळखीची. मी वर गेले आणि काढलेली पानं पुन्हा घातली. मला भीती वाटत होतीच. पण त्याच्या वाक्याचा अर्थ कळणारी त्या इमारतीत मी एकटीच होते आणि गप्प बसायला मी पुण्यात आले नव्हते.

ट्रेनिंगच्या शेवटी कारखाना चालवणाऱ्या मोठ्या साहेबांसमोर सादरीकरण असायचं. मोठे साहेब केरळचे, मराठी जेमतेम. शेजारी आमचे साहेब, आणि कोपऱ्यात कारकून, बैठकीची नोंद लिहायला. मी प्रोजेक्टरच्या काचेवर त्या जबाबाची पारदर्शक फिल्म ठेवली. भिंतीवर टपोऱ्या अक्षरात ओळ उमटली. मी इंग्रजीत सांगितलं की या एका ओळीचे दोन अर्थ होतात आणि आपण चुकीचा घेतला.

आमचे साहेब उठले. आवाज चढला नाही, पण शब्द सुटे सुटे आले. "हा मुद्दा या ट्रेनिंगच्या कक्षेत नाही. आपण तो मागे घ्यावा. आत्ता. म्हणजे पुढच्या गोष्टी सुरळीत होतील."

इंग्रजीत उत्तर द्यायचं होतं, किमान 'स्वच्छ' मराठीत. पण आलं ते घरचं आलं, आणि मी ते अडवलं नाही.

"नाही साहेब. मी मुद्दा मागे घेऊन नाही राहिली."

मग कोपऱ्यातून कारकुनांचा आवाज आला, अगदी प्रामाणिक. त्यांचं पेन कागदावर थांबलं होतं.

"मॅडम, नोंदीत काय लिहू? घेतला, की नाही घेतला?"

मला हसू आलं, रडूही आलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, काय झालं. मी त्यांना कारकुनांचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. ते भिंतीवरच्या ओळीकडे बघत राहिले. मग आमच्या साहेबांना एवढंच म्हणाले, त्या माणसाला बोलवा, पुन्हा विचारा, आणि विचारताना ही मुलगी तिथे बसू दे. कारकुनांनी मान खाली घातली होती. नंतर जिन्यात मला म्हणाले, "मी जसंच्या तसं लिहिलं होतं हो." मला माहीत होतं. त्यांच्यावर माझा राग नव्हता.

माझ्या प्रमाणपत्रावर इतरांसारखं 'उत्कृष्ट' नाही, 'समाधानकारक' आहे. त्या वर्षी कॅम्पसमध्ये आलेल्या कुठल्याही काचेच्या इमारतीने मला घेतलं नाही. त्यानंतर मी बरीच वर्षं याच शहरात माणसं नेमण्याचं काम केलं आणि प्रत्येक मुलाखतीत मुद्दाम म्हणत आले, "बोला, मी ऐकून राहिली." ज्याला हसायचं त्याने हसावं.

तेव्हा, नवा जबाब झाल्यानंतरच्या सोमवारी, मी कारखान्यावर जरा लवकरच गेले. तो गेटवर आला तेव्हा वॉचमनने यादी बघितली, त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "काय रं, आलास व्हय परत?"

"मी गेलतोच कुठी?" तो म्हणाला, आणि कार्ड पंच करून आत गेला.