दाराच्या पोटातलं रबरी टोपण

गॅरेजवाले त्याला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'भिंग'. विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासायच्या आणि भरपाई द्यावी की नाही याचा अहवाल लिहायचा, हा त्याचा धंदा. पोटापाण्यासाठी माणसं काय काय करतात, त्यात हे काही वाईट नाही. पण हा पोटासाठी करत नव्हता, आवडीनं करत होता. एखाद्याचा दावा फेटाळला की घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खायचा. हे त्याच्या बायकोनंच सांगितलेलं आहे, मी पदरचं घालत नाही.

त्यातून दाराची काच म्हणजे त्याचा खास प्रांत. समोरची काच फुटली तर तडकते, पण जागेवर राहते. दाराची काच तशी सोशिक नसते. एक वर्मी टोला बसला की खडीसाखरेसारखे दाणे होऊन खाली. मालक सीट झाडतो, दाणे भरून टाकतो आणि म्हणतो, झालं. पण निम्मे दाणे दाराच्या पोटात पडतात, आणि ते पोट उघडायला भिंग स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन येई. एकदा एका शिक्षिकाबाईंना त्यानं विचारलं, "दगड लागला तेव्हा काच वर होती की खाली?" बाई भोळेपणानं म्हणाल्या, "खाली होती, उकडत होतं." हा म्हणाला, "बाई, खाली असलेली काच दगडानं फुटत नाही." बाई रडकुंडीला आल्या. काही समजवायला लागल्या तर याचं ठरलेलं उत्तर तयार: "लेखी द्या." हे दोन शब्द त्यानं इतक्यांना ऐकवले होते की गॅरेजमधली पोरं कुणी उसना पाना मागितला तरी एकमेकांना म्हणत, लेखी द्या.

आता असा माणूस घरात कसा असेल, ते वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याची आई गेली आणि बाबांनी कुणाकडे राहायचं हा प्रश्न निघाला. थोरला हा, त्याच्याखाली एक धाकटा, बस्स. धाकटा म्हणाला, सहा-सहा महिने ठेवू. भिंगानं काय करावं? टेप घेऊन आपल्या घराच्या खोल्या मोजल्या, बाबांचा पलंग मोजला, कागदावर नकाशा काढला आणि पलंग बसत नाही हे सिद्ध करून दाखवलं. धाकटा नकाशाकडे बघून म्हणाला, "पलंग बसत नाही की बाप?" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बाबा धाकट्याकडे गेले. निघताना यानं त्यांना एक लोखंडी काठी घेऊन दिली. तिचं रबरी टोपण ढिलं होतं, तर आत सायकलच्या ट्यूबचा लाल तुकडा कोंबून घट्ट करून दिलं. बापासाठी केलेलं काम म्हणाल तर ते एवढंच.

नातेवाईक धाकट्याला श्रावणबाळ म्हणू लागले. मामा म्हणायचे, आत्या म्हणायची, आणि दोघंही ते भिंगासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. याला ते मिरचीसारखं झोंबायचं. श्रावणबाळ लबाड आहे असा एक, फक्त एक कागद आपल्या हाती यावा, यापलीकडे त्या माणसाला आयुष्यात काही नको होतं.

आणि तो कागद चालत आला.

फाइलवर नाव होतं भावजयीचं, माहेरच्या आडनावासकट. कंपनीतल्या कुणाला कळायचं कारण नव्हतं. मागच्या डाव्या दाराची काच फुटली, रस्त्यावर दगड उडाला, भरपाई मिळावी. सख्ख्या नातेवाइकाची गाडी तपासायची नाही, फाइल परत करायची, असा नियम होता. भिंगाला नियम कलमासकट पाठ.

बायको म्हणाली, "परत देऊन टाका हो. कशाला जुनी खपली काढता?"

"मी कुठे काय काढतोय? मी काच बघायला चाललोय."

"काच बघायला चाललेला माणूस असा न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून जातो?"

त्यानं शर्ट काही बदलला नाही.

गॅरेजात धाकटा आधीच येऊन उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी काचवाल्याकडे पाहिलं. काचवाला म्हणजे काचा बसवणारा कारागीर, गरीब बिचारा माणूस. त्याला काय ठाऊक, आज आपल्याला दुभाष्याचं काम आहे.

"यांना विचार, काच कशी फुटली," भिंग म्हणाला.

"साहेब विचारतायत, काच..."

"बहिरा नाहीये मी. सांग त्यांना, फॉर्मात लिहिलंय. ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला."

"विचार, डाव्या बाजूला तर फूटपाथ असतो. ट्रक फूटपाथवरून चालला होता का?"

काचवाल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "सांग, रस्ता अरुंद होता."

"विचार, दगड बाहेरून आला, तर ही फिल्म बाहेर का फुगलीय?"

खरंच होतं ते. काचेला आतून काळी फिल्म चिकटवलेली होती. फुटलेले थोडे दाणे तिला धरून लोंबत होते, आणि तो लोंबता पडदा आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला पोट काढून उभा होता. भिंगानं त्याचे चार फोटो काढले. मग दाराच्या कडेची बोटभर खटकी बघितली. ती लावलेली असली की दार आतून उघडत नाही. लहान पोरांसाठी असते.

"विचार यांना, घरात लहान मूल कोण आहे?"

धाकट्याची एकुलती एक मुलगी कॉलेजात होती. काचवाल्यानं या वेळी प्रश्न पुढे पोचवलाच नाही, पान्यांचा डबा उगाच आवरायला घेतला.

भिंगानं स्क्रू ड्रायव्हर काढला. आतलं आवरण सोडवलं, दाराच्या पोटात हात घातला, मूठभर दाणे बाहेर आले. पुन्हा हात घातला. या वेळी बोटाला मऊ काही लागलं. काढून बघतो तर करड्या रबराचं टोपण, आणि त्यात ट्यूबचा लाल तुकडा.

आपल्या हातचं काम माणूस कधी विसरत नाही. भिंगानं ते टोपण तळहातावर धरलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की काचवाला पुढे आठ दिवस सांगत होता, मी साहेबांना हसताना पाहिलं.

"दादा," धाकटा म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "जाऊ दे ना. आपापसातली गोष्ट आहे."

भिंग काचवाल्याकडे वळला. "सांग त्यांना," तो म्हणाला, "लेखी द्या."

एवढ्यावर थांबेल तर तो भिंग कसला! दुसऱ्या दिवशी गाडीतल्या माणसाचा जबाब घ्यायला तो धाकट्याच्या घरी हजर. भावजयीनं दार उघडलं आणि म्हणाली, "या सर्व्हेअरसाहेब. चपला बाहेर काढा, की त्यांचाही पंचनामा करायचाय?"

बाबा खिडकीशी खुर्चीत होते. वय ब्याऐंशी, दात नाहीत, पण जिभेला धार अशी की दातांची उणीव भासू नये.

"अकरा वर्षांनी आलास," ते म्हणाले. "बाप मेला असता तर तेराव्याला आला असतास की नाही, शंकाच. काच मेली तर धावत आलास."

"बाबा, काच तुम्ही फोडलीत का?"

"मग काय पाखरानं चोच मारली? हा गेला केस कापायला. 'पाच मिनिटांत येतो' म्हणाला. काचा बंद, दार उघडेना, मला लघवीला लागलेली. हाका मारल्या, कोणी बघेना. मग घेतली काठी."

"चुकून लागली का?"

"चुकून कशी? मुद्दाम. तीन टोले. तिसऱ्याला काचही गेली आणि टोपणही गेलं. तू दिलेली काठी, बरं का. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामाला आली."

आतून भावजयीचा आवाज आला, "आणि खटकी का लावावी लागली, तेही सांगा! सिग्नलला गाडी थांबली की हे उतरून चालायला लागतात. दोनदा पोलिसांनी आणून सोडलं!"

"मी काय सामान आहे का, ठेवलं तिथं राहायला?" बाबा गरजले. मग भिंगाला म्हणाले, "कागद आण. सही करतो."

भिंगानं भराभर लिहिलं, बाबांनी ऐसपैस सही ठोकली. पेन परत देताना म्हातारा सहज म्हणाला, "तुझ्या घरात पलंग बसतो का रे आता?"

"नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. हे 'बरं' भिंगानं नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण भिंगातून जवळचं मोठं दिसतं म्हणतात, याला तर जवळचं दिसतच नव्हतं.

अहवाल पाच पानी झाला. काच आतून, जाणूनबुजून फोडली, म्हणून विम्यात बसत नाही. मालकाची माहिती खोटी. पुरावा म्हणून फोटो, जबाब आणि एक रबरी टोपण, पाकिटात सीलबंद. दावा फेटाळला गेला. भिंगानं त्या पत्राच्या, अहवाल जोडून, प्रती काढून एक मामाला धाडली, एक आत्याला. त्या रात्री त्यानं पाच पोळ्या खाल्ल्या.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, दारात धाकट्याची गाडी उभी राहिली. मागच्या दाराला नवी काच, स्वतःच्या खिशातून बसवलेली. धाकट्यानं डिकीतून दोन पिशव्या काढल्या, एक घडीची खाट काढली आणि मागचं दार उघडून बाबांना उतरवलं.

"हे काय?" भिंग म्हणाला.

"बाबा. ओळखतोस ना? मी त्यांना गाडीत कोंडतो, असं तूच पाच पानं भरून सिद्ध केलंस. मामा वाचतात, आत्या वाचते. म्हणतात, अशा माणसाकडे बाप ठेवू नये. मीही म्हटलं, बरोबर आहे."

"पण माझ्याकडे पलंग..."

"म्हणून खाट आणलीय. लांबी-रुंदी तिच्यावर चिकटवलीय. लेखी."

बायकोनं दारातूनच तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की रडू, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

"मी नाही ठेवून घेत जा," भिंग म्हणाला.

"नको ठेवूस." धाकट्यानं खिशातून एक पाकीट काढलं, पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं. "सख्ख्या भावाची गाडी तपासलीस आणि कंपनीला सांगितलं नाहीस. तुझं लायसन्स कशानं जातं, ते तुला मी काय सांगू? बाबा ज्या दिवशी माझ्या दारात परत येतील, त्या दिवशी हे पेटीत पडेल."

भिंगानं बापाकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला इथे राहायचंय का?"

"मला कोण विचारतो?" म्हातारा आत जाता जाता म्हणाला. "विचारपूस फक्त काचेची होते." आणि बिनटोपणाची लोखंडी काठी नव्या फरशीवर टणाटण वाजवत थेट भिंगाच्या आरामखुर्चीत जाऊन बसला.

पुढचे पंधरा दिवस कसे गेले ते शेजारच्यांना विचारा. फरशीला टवके गेले. बायको दिवसभर नोकरीवर, म्हणून म्हाताऱ्याला घरी ठेवावं, तर एकदा त्यांनी बाहेर जाताना दार उघडं टाकलं आणि एकदा दुधाचं पातेलं गॅसवर. शेवटी भिंग त्यांना गाडीत घालून कामावर नेऊ लागला. वाटभर बाप मागून बोलायचा, "हळू चालव. तुझा धाकटा बरा चालवायचा. एसी तरी लावायचा तो."

एका दुपारी भिंगाची गाडी त्याच काचवाल्याच्या गॅरेजसमोर थांबली. भिंगानं आधी मागच्या दाराची खटकी लावली. मग जरा विचार केला आणि मागच्या दोन्ही काचा पार खाली केल्या. काचवाला बघत होता.

"साहेब, काचा उघड्याच?"

"खाली असलेली काच फुटत नाही," भिंग म्हणाला, आणि बापाकडे वळून, "बाबा, पाच मिनिटांत आलो."

तो आत गेला, एका मोडक्या गाडीचं दार उघडून बसला, दाणे चाळले, मालकाला दोनदा 'लेखी द्या' म्हणाला. बाहेर येऊन बघतो तर मागचं दार सताड उघडं. खटकी जागच्या जागी, काच जागच्या जागी, बाप नाही.

"उघड्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि बाहेरच्या कडीनं उघडलं," काचवाला म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

भिंगानं धावत रस्ता गाठला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, घाम फुटला. रस्त्यापलीकडे केशकर्तनालय होतं. त्याच्या मोठ्या काचेमागे, खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड लावून म्हातारा ऐटीत बसला होता, आणि न्हावी त्याच्या उरल्यासुरल्या केसांवरून कंगवा फिरवत होता.

भिंग तिथेच उभा राहिला. धाप ओसरेपर्यंत. मग त्यानं बॅगेतून धाकट्याच्या दाव्याची प्रत काढली, त्यावरचा नंबर शोधला आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा लावला.

"काच वर ठेवली तर फोडतात," तो म्हणाला, "खाली ठेवली तर दार उघडतात. तू काय करायचास?"

धाकट्यानं अगदी सावकाश, एकेक अक्षर चघळत सांगितलं, "लेखी द्या." आणि फोन ठेवला.

भिंगानं मान वर केली. पलीकडून, काचेआडून, बाप त्याच्याकडेच बघत होता. पांढऱ्या कापडाखालून एक हात बाहेर आला आणि पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.