न मठारलेली कळशी

माझी बायको येसू गेली तेव्हा दुपार होती आणि मी तिच्याजवळ बसलेलो होतो. आमच्या तांबट आळीत कुणी गेलं की ऐरणी गप्प होतात. त्या दिवशीही झाल्या. पण आमच्या कारखान्याच्या दारात, पहिल्या पायरीवर एका नवऱ्या मुलीचा अर्धवट हंडा होता आणि दुसऱ्या दिवशी तिची हळद होती. माझ्या हाताखालच्या भिवानं तो हंडा डोक्यावर घेतला, नदीपलीकडच्या ओळखीच्या तांबटाकडे नेला, तिथल्या ऐरणीवर पुरा केला आणि वेळेवर पोचता केला. मला कुणी विचारलं नाही. मला हे आठव्या दिवशी कळलं. आळीतल्या एकानं कान भरले, "मालकिणीची राख गार व्हायची होती आणि तुझा माणूस हंडे ठोकत होता." मी म्हणालो, मालकिणीनंच शिकवलंय त्याला. आणि मलाही. मला शिकवायला तिला जास्त वर्षं लागली, एवढाच फरक.

आता दोन महिने झाले. मला लिहिणं फारसं येत नाही, मोडी अक्षर वाकडं येतं. पण आळीत आणि आळीबाहेर ज्यांच्या घरी आमची भांडी आहेत, त्यांना वाटतं की हा कारखाना मी उभा केला. ऐरण मी रोवली हे खरं. पुढचं सांगितलं पाहिजे, म्हणून लिहितो.

दुसऱ्याच्या भट्टीवर दहा वर्षं काढून मी कसब्यात स्वतःची भट्टी घातली. कात्रजचं पाणी शहरात नुकतंच खेळायला लागलं होतं, हौदांवर गर्दी व्हायची, ज्याला त्याला हंडे-कळश्या हव्या होत्या. चार माणसं ठेवली. पत्रा ठोकून भांडं उभं करायचं काम ती करत. पण मठार माझी. मठार म्हणजे तयार भांड्यावर हातोडीचे बारीक, एकाला एक लागून घाव घालायचे. त्यानं तांबं टणक होतं आणि झळकतं. ज्याची मठार त्याचं भांडं, असं आम्ही मानतो. म्हणून दुसऱ्या कुणाला मी ती हातोडी धरू दिली नाही. भिवा माझ्याच हाताखाली तयार झालेला, चाळिशीचा बाप्या, तरी त्यालासुद्धा नाही. परिणाम काय? चौघं दुपारपर्यंत भांडी उभी करून तंबाखू मळत बसायचे आणि मी एकटा ठोकत सुटायचो. गिऱ्हाईक ओरडायचं. शनवारातले एक शास्त्रीबुवा दारात उभे राहून म्हणाले, "मुलीच्या लग्नासाठी सांगितलं होतं घंगाळ. नातीच्या लग्नाला तरी मिळेल ना?"

येसू वाघोलीच्या कासाराची मुलगी. सात वर्षं मी तिला माहेरी नेलं नव्हतं. दर दिवाळीला म्हणायचो, एवढं काम उरकू दे. तिच्या बापानं लग्नात दिलेली कळशी ती रोज चिंचेनं घासायची... ती इतकी चकचकीत असायची की मला तिच्याकडे बघायला नको वाटायचं.

मग कात्रजचा गवळी आला. मुलीच्या लग्नासाठी त्यानं हंडा आणि कळशी तीन महिने आधी सांगितली होती. पण मधेच सरकारवाड्याच्या मुदपाकखान्यातून मोठ्या पातेल्यांचं काम आलं. मोठ्यांचं काम, म्हणून मी ते आधी घेतलं. गवळी न्यायला आला तेव्हा हंडा झाला होता, कळशी मठारायची राहिली होती. काळपट, गुळगुळीत, बोडकी. तो माणूस रागावला नाही. कळशी हातात फिरवत म्हणाला, "मालक, पोरीला आज हळद लागनार. ही अशीच न्हेऊ का? सासरची मानसं काय म्हनतील?" मी म्हणालो, दोन दिवस थांब. असं म्हणालो मी! हळदीला थांब म्हणालो.

येसू आतून आली. तिनं बापाची कळशी रिकामी केली, पदरानं पुसली, कुंकवाचं बोट लावलं आणि गवळ्याच्या हातात दिली. त्याची बोडकी कळशी उचलून आपल्या पाण्याच्या जागी ठेवली. तो गेल्यावर मी ओरडलो, की बापाची वस्तू दिलीस, मला विचारलं नाहीस. ती म्हणाली, "तुमाला इचारायला तुमी मोकळं कवा असता?"

मी म्हणालो, माझ्यासारखी मठार दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही, मी काय करू? तेव्हा ती चुलीकडे तोंड करून बसली, डोळ्यांवर पदर घेतला आणि म्हणाली, "तुमी ठोका, मग भिवाभावजीस्नी ठोकू द्या. कुनाचा हात कुटला, मी सांगते." मला हसू आलं. इतकी वर्षं तिनं माझी हातोडी ऐकलेली. मी ठोकलं. ती म्हणाली, "हे भावजी." भिवानं ठोकलं. ती म्हणाली, "हे तुमी." चौघांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते. तिसऱ्या दिवशी मी सरकारवाड्याचं पातेलं मठारायला भिवापुढे ढकललं आणि नदीवर जाऊन बसलो, बघवेना म्हणून. पुढे मुदपाकखान्याचा माणूस आला, पातेलं उलटं करून बघितलं, "ठीक आहे" म्हणाला आणि घेऊन गेला. एवढंच. ज्यासाठी मी सात वर्षं जागचा हललो नव्हतो, ते एवढंच होतं.

त्यानंतर येसूनं दाराच्या तीन पायऱ्या वाटून दिल्या. पहिल्या पायरीवर मुहूर्ताचं काम. दुसरीवर ज्याच्या घरी पाणी भरायला दुसरं भांडं नाही त्याचं. तिसरीवर मोठ्यांचं. मी म्हणालो, मोठ्यांचं शेवटी? ती म्हणाली, "त्यांच्याकडं दुसरी पातेली हायेत की." कुणी काय करायचं ते पायऱ्या बघून भिवा ठरवू लागला. त्याच्या दोनतीन चुका झाल्या, एक घंगाळ तर चिरलं. मी उठायला लागलो की येसू आतून खाकरायची. मी पुन्हा बसायचो.

त्या दिवाळीला आम्ही वाघोलीला गेलो, आठ दिवस. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, तिकडे काय गोंधळ चालला असेल? ती हरभऱ्याची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तांबं हाय ते. नासत न्हाई." पुढे दरवर्षी जात राहिलो. चांगले दिवस गेले आमचे. खोटं कशाला सांगू, पहिल्या सात वर्षांपेक्षा नंतरचीच मला आठवतात.

शेवटी महिनाभर ती अंथरुणावर होती आणि मी उशाशी. बाहेर मठार चालू असायची, भिवाची आणि त्यानं तयार केलेल्या दोघांची. एकदा मी विचारलं, खरं सांग, तेव्हा तू माझा हात ओळखला नव्हतास? ती म्हणाली, "दर सातव्या घावाला तुमी थांबता. नाक वढता."

"मग खोटं बोललीस?"

"खऱ्यानं ऐकनारं मानूस हाय का तुमी?"

तिला हसताना ठसका लागला. मी पाणी दिलं, त्याच बोडक्या कळशीतलं. ती कळशी तिनं मला कधी मठारू दिली नाही. मी हात लावला की म्हणायची, तिची पायरी चौथी, ऱ्हाऊ द्या.

परवा मी ती ऐरणीवर घेतली होती. हातोडीही उचलली. भिवानं बघितलं आणि स्वतःची हातोडी थांबवली. सगळेच थांबले. मग मी हातोडी खाली ठेवली, हौदावर गेलो, ती कळशी भरली आणि घरी आणून तिच्या जागी ठेवली. मागे ठोके पुन्हा सुरू झाले होते. पहिला भिवाचा होता. मी आतून ओळखला.